काळुरामची उघाडी

काळुरामने बांधावरच्या गवताची एक काडी तोडली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"ही बघा. हीच माजी विद्या."

सगळं गाव बांधावर जमलं होतं. पेणच्या खाडीकाठचं गाव. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला एकच लाकडी फळ्यांचं दार, ती उघाडी. आणि काळुराम तिचा राजा. काय ऐट त्या माणसाची! फळी काढायची वेळ आली की "मागं व्हा सगली!" म्हणून ओरडायचा, पाठ फिरवून उभा राहायचा आणि मिशीतल्या मिशीत हसत काम उरकायचा. सरपंचसुद्धा त्याच्या ओटीवर येऊन बसत. पोटचा पोरगा रघू ती युक्ती विचारून विचारून थकला.

"घाय काय हाय रं? मी काय मरतंय?" एवढंच उत्तर.

मेला नाही तो. गेल्या श्रावणात लेकीकडे रोह्याला गेला आणि पुरामुळे तिथेच अडकला. इकडे शेतात पाणी तुंबलं, भात कुजायला लागलं. गावाने रघूला पुढे केलं. त्याने भर ओढीत फळी उपसली, आणि पाण्याने त्याला फळीसकट नेलं.

"काडी पान्यात टाकायची," आज काळुराम सगळ्यांसमोर सांगत होता. "ती वढली जातेय तवर फळीला हात लावायचा नाय. थांबली, का आतलं-भायेरचं पानी सारकं झालं. मंग फळी हलक्या हातानं निगते. बास, येवढंच."

एवढंच!

"कोन करून दावतंय?" काळुरामने विचारलं.

त्याची बायको सीताबाई पुढे आली. रघू गेल्यापासून ती नवऱ्याशी चकार शब्द बोलली नव्हती. पदर खोचून ती वाकली, काडी टाकली. काडी ओढली गेली, मग मंदावली, थांबली. तरी तिने हात आवरून धरला. काडी किंचित मागे सरकली, तेव्हाच तिने फळी अलगद उचलली.

काळुराम चमकला. मागे सरकण्याचं तर तो सांगायचंच विसरला होता.

"तुला ह्ये कवा कललं गो?"

"लग्नाच्या पयल्या वर्साला. भाकर घेऊन यायची ना मी हितं."

"आन् मंग पोराला..."

सीताबाईने फळी बांधाला टेकवून ठेवली. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. ती हळूच म्हणाली,

"तुमचा मान गेला आसता. म्हून मी बी नाय सांगितलं."