पेरभर केस

"उस्ताद, कात्री खाली ठेवा आधी," मास्तर म्हणाले. "अजून निरोप आलेला नाही."

उस्तादनं कात्री गादीखाली सारली, पण त्याची नजर काही शेजारच्या कॅशियरच्या कानावरून हलेना. कानातून बाहेर आलेला लांबलचक केस कूलरच्या वाऱ्यावर डुलत होता आणि उस्तादचा हात आपण होऊन तिकडे निघाला होता. मास्तरांनी वेळेवर हटकलं नसतं तर त्या एका केसापायी दंड म्हणून दान द्यायची पाळी आली असती. अंगावर इहरामच्या, म्हणजे हजच्या व्रताच्या, दोन पांढऱ्या चादरी आहेत तोवर केस कापायचा नाही, ना स्वतःचा ना दुसऱ्याचा. नखं नाहीत, अत्तर नाही, पुरुषाला शिवलेला कपडा नाही आणि भांडण तर नाहीच नाही. बाकी सगळं उस्तादला जमलं होतं. पण उभा जन्म न्हावीकाम करण्यात गेलेल्या माणसानं चहूकडे वाढलेली डोकी बघत हात बांधून बसायचं, म्हणजे हलवायाला उपासाला बसवून समोर कढई ठेवण्यातलीच गत.

"डोक्यावर काही मिळालं नाही म्हणून कानावर डोळा होय?" कॅशियर म्हणाला. त्याचं टक्कल आरशासारखं चकचकीत होतं. तंबूत हशा पिकला. भांडायची सोय नसल्यानं सगळे हसून घेत होते.

सकाळी सैतानाच्या खांबाला खडे मारून झाले होते. आता कुर्बानी झाल्याचा निरोप मास्तरांच्या मोबाइलवर यायचा होता. मास्तर म्हणजे या जथ्याचे म्होरके, शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळ्यांना वर्गातल्या पोरांसारखं वागवायचे. निरोप आला की केस उतरवायचे, केस उतरले की चादरी सोडून आंघोळ आणि आपले नेहमीचे कपडे. हा क्रम मागेपुढे करायचा नाही, असं त्यांनी इतक्यांदा बजावलं होतं की लोक झोपेतही तो बडबडायला लागले होते. गादीला गादी लागलेली, उकाडा म्हणजे नुसता जीव नकोसा करणारा. जो तो मास्तरांच्या मोबाइलकडे टक लावून बसला होता.

उस्तादही अस्वस्थ होता, पण उलट्या कारणानं. निरोप आलाच नाही तर बरं, असं त्याला वाटत होतं. असं वाटणं पाप आहे की काय, या धास्तीनं तो आणखीच कासावीस होत होता. उठून दारापर्यंत जायचा, परत यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा उठायचा.

ताडपत्रीच्या पडद्यापलीकडे बायका होत्या आणि त्यांच्यात त्याची बायको होती. पुरुषांनी डोकं सफाचट करायचं, बायकांनी बोटाच्या पेराएवढे केस कापायचे, असा नियम. लांब वेण्यांना पेरभर केसांचं काय मोठंसं? पण त्याच्या बायकोचे केस मुळातच पेराहून जेमतेम लांब होते. आजारपणात, औषधांच्या पायी, सगळे गेले होते. पुढे कित्येक महिन्यांनी टाळूवर काळी लव दिसली, तेव्हा तिनं त्याला अंगणातून हाका मारून बोलावलं होतं. त्या दिवसापासून ती आरशासमोर उभी राहून केसांना बोट लावून बघायची. घरात कुणाच्या परीक्षेचा निकाल लागावा तशी रोज सकाळी चौकशी व्हायची. आणि आता तेवढेच उतरवायचे.

त्यानं निघण्याआधी मास्तरांना विचारलं होतं, इथं आल्यावर शेजारच्या तंबूतल्या एका जाणकारालाही विचारलं होतं. एक म्हणाला, सगळ्या डोक्याचे पेरभर घ्यावेत. दुसरा म्हणाला, चौथ्या भागाचे घेतले तरी भागतं, आजारी बाईला त्रास कशाला. उस्तादनं दुसरं उत्तर घट्ट धरून ठेवलं होतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती नुसतं "बघू" म्हणाली. तिच्या 'बघू'ला तो संसारभर घाबरत आला होता.

मोबाइल वाजला. मास्तरांनी चष्मा चढवला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि मान हलवली.

मग काय, एकच झुंबड उडाली. बाहेर न्हाव्यांपुढे रांगा लागलेल्या, आणि इथं तर घरचा उस्ताद.

"तुमचे खडे झाले, कुर्बानी झाली, आता दुसऱ्यांचे केस उतरवायला हरकत नाही," मास्तर म्हणाले. "पण आधी स्वतःचं उरकून घ्या."

"होईल हो माझं. बसा तुम्ही."

पाण्याचा तांब्या, नवी पाती, वस्तरा. पहिल्या डोक्यावर हात ठेवला आणि उस्तादचं चित्त जरा ठिकाणावर आलं. डोकं समोर असलं की त्याला दुसरं काही सुचत नसे. एक झालं, दुसरं बसलं. ओळखीचे चेहरे एकामागून एक अनोळखी होऊन उठत होते आणि एकमेकांची तुळतुळीत डोकी बघून पोरांसारखे खिदळत होते.

कॅशियरही येऊन बसला. "माझं काय करणार?"

"केस नसले तरी वस्तरा फिरवून घ्यायचा. मास्तरांनी सांगितलंय."

"नसलेल्या पिकावर कापणी?" तो म्हणाला खरा, पण उस्तादनं ओला हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि अलगद वस्तरा फिरवला तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "ऐन तरुणपणी गेले हो. न्हाव्याकडे जायचीच लाज वाटायची. आज सगळ्यांच्या बरोबरीनं बसलो."

पडद्याआडून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "उस्ताद, तुमच्या घरच्या थांबल्यात."

"आलोच. एवढं डोकं झालं की आलो."

ते झालं. मग आणखी एक झालं. बायकांकडच्या कात्र्यांची कचकच थांबली, पलीकडे आंघोळीच्या बादल्या वाजायला लागल्या, तरी उस्तादचा हात चालूच. आपल्या तंबूतली डोकी संपत आली तसा तो दारात जाऊन उभा राहिला आणि शेजारच्या तंबूतल्या एका म्हाताऱ्याला म्हणाला, "या काका, तुमचं करून देतो."

मास्तर जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "उस्ताद, गिऱ्हाइकं गोळा करताय?"

उस्तादनं म्हाताऱ्याला बसवलं आणि वस्तरा तांब्यात बुडवला. असाच तो मागेही पळाला होता. दवाखान्यात बायकोचे केस झुबक्यानं यायला लागले, उशीवर, घासात, सगळीकडे. तेव्हा ती म्हणाली होती, "एकदाचे काढून टाका तुमच्या हातानं." त्यानं जगाची डोकी केली होती, पण बायकोच्या केसांना कधी कात्री लावली नव्हती. वस्तरा घेऊन येतो म्हणून तो दुकानात गेला आणि संध्याकाळपर्यंत लोकांच्या दाढ्या करत राहिला. परत आला तोवर वॉर्डातल्या आयानं काम उरकलं होतं. त्याबद्दल बायको कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्याला नेहमी वाटायचं.

म्हाताऱ्याची मान पुसून होते न होते तोच पडदा थोडा बाजूला झाला.

"अहो," ती म्हणाली.

उस्तादनं हातातला वस्तरा मिटून कमरेला खोचला आणि कात्री उचलली.

तंबूच्या मागं जादा गाद्या रचून ठेवलेली एक खोली होती. मास्तरीणबाई दाराशी पाठ करून उभ्या राहिल्या, कुणी आत येऊ नये म्हणून. बायको गाद्यांच्या थप्पीला टेकून बसली आणि तिनं डोक्यावरचं कापड काढलं. केस घामानं चिकटले होते. मऊ, लहान बाळाचे असावेत तसे.

"मास्तरीणबाई म्हणत होत्या, मी कापून देते. मी नको म्हटलं."

"हे बघ," तो घाईघाईनं म्हणाला, "चौथ्या भागाचे चालतात. मागच्या बाजूनं घेतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

"अगं, पण नियमच सांगतो की..."

"नियम मला ठाऊक आहे. सवलत कुणासाठी असते तेही ठाऊक आहे." तिचा आवाज शांत होता. "मागच्या वेळी गेले तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी उठून उशीवरून गोळा करायचे. या वेळी माझे मी देतेय. सगळीकडून घ्या, पेरभर."

"मी त्या दिवशी..."

"पळालात. माहीत आहे. हाताला कापरं भरलं होतं ना? आत्ताही भरलंय, दिसतंय मला. भरू दे. कापा."

उस्तादनं तिचं बोट हातात घेतलं, कारण त्याचं स्वतःचं पेर मोठं होतं आणि त्या मापानं जास्त गेले असते. तिचं बोट केसांच्या बटेशी धरून त्यानं माप घेतलं. हळूच थोडं अलीकडे कात्री लावली.

"माप मारू नका," ती म्हणाली. "न्हाव्याची बायको आहे मी."

त्याला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळे भरून आले. समोरचं दिसेना, तेव्हा त्यानं चादरीच्या टोकानं डोळे पुसले आणि कात्री पेरावर आणली. बट तिच्या खांद्यावर पडली. मग दुसरी. प्रत्येक बटेला तो तिचं बोट धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. आता तो थांबत नव्हता. मागचं झालं, कानाशेजारचं झालं, कपाळावरचं झालं. टाळूची गोरी कातडी पुन्हा दिसायला लागली, दवाखान्यात दिसली होती तशीच. ती मात्र तशी नव्हती. ताठ बसली होती, मिटल्या ओठांनी काहीतरी पुटपुटत.

"झालं," तो म्हणाला.

तिनं दोन्ही तळवे डोक्यावरून फिरवले, सगळीकडून चाचपून पाहिलं. मांडीवरचे, खांद्यावरचे केस वेचून रुमालात बांधले. मग वर बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आणि तुमचं?"

उस्तादनं डोक्याला हात लावला. केस जागच्या जागी होते. तंबूतली यच्चयावत डोकी उतरली होती. माणसं न्हाऊन, कपडे बदलून, अत्तरं लावून पडली होती. चादरीत उरला होता तो एकटा.

"बाहेर बघतो कुणी मिळतंय का."

"बसा," ती म्हणाली. "माझं झालंय. मी करते."

"तुला वस्तरा धरता येतो?"

"नाही."

ती उठली आणि त्याला आपल्या जागेवर बसवलं. पाण्याच्या बाटलीतून ओंजळभर पाणी घेऊन तिनं त्याचं डोकं भिजवलं, चोळलं. वस्तरा दोन्ही हातांत धरून ती बराच वेळ नुसती उभी राहिली. दाराशी मास्तरीणबाई खाकरल्या. उस्तादनं मान खाली घातली. पहिला हात बिचकत आला, अर्ध्यावर अडला, पुन्हा सुरू झाला. मग हळूहळू एकेक पट्टा निघायला लागला, वेडावाकडा, मध्येमध्ये खुंट राखून.

कानामागं पातं जरा आत गेलं.

"लागलं का हो?" तिनं विचारलं.

"नाही," उस्ताद म्हणाला. रक्ताचा थेंब त्याच्या मानेवरून खाली चादरीकडे निघाला होता. तो हलला नाही.