शंभर किलोमीटरला ४.२

शनिवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला की अल्मुट कागद-पेन्सिल घेऊनच तो उचलायची. पलीकडून पप्पा आधी आकडा सांगत, मग हवा कशी आहे ते. त्यानंतर दोघंही फोन ठेवत. ऑक्टोबरात आई गेल्यापासून बाप-लेकीच्या बोलण्यात एवढंच उरलं होतं: शंभर किलोमीटरला किती लिटर लागले.

तिचा बाप राइनहोल्ट छत्तीस वर्षं इंजिनच्या कारखान्यात चाचणी विभागात होता. काचेपलीकडे डिझेल इंजिन धडधडत असायचं आणि काचेअलीकडे तो त्याने किती प्यायलं ते लिहीत असायचा. निवृत्त झाल्यावर काच गेली, सवय राहिली. नोकरीत असल्यापासूनच दर शनिवारी गावातल्या पंपावर टाकी भरायची, त्याच खांबाच्या त्याच नोझलने. पहिली टक झाली की दोन मिनिटं थांबायचं, फेस बसला की पुन्हा टक होईपर्यंत भरायचं. मग डोंगराच्या कडेकडेने तीन घाट उतरून-चढून चौऱ्याहत्तर किलोमीटरची फेरी मारायची आणि त्याच नोझलपाशी परत यायचं. जेवढं टाकीत बसेल तेवढं गाडीने खाल्लं, साधा हिशेब. त्याची बायको हेडविग शेजारच्या सीटवर वही घेऊन बसायची. आकडा राइनहोल्टचा, अक्षर तिचं.

अल्मुटने हायब्रिड घेतली तेव्हा आई हसली होती आणि तो हसला नव्हता.

"जपानी शिवणयंत्र," तो म्हणाला होता. "त्यावर तू टिपा घाल. डोंगर चढायला गाडी लागते."

"तुमच्या ट्रॅक्टरपेक्षा कमी खाते, पप्पा."

"कागदावर."

मग चुरस सुरू झाली. तो शनिवारी, ती रविवारी स्टुटगार्टहून येऊन, तोच रस्ता, तेच नोझल, फक्त तिचं पेट्रोलचं. तिची ४.४, त्याची ५.३. पेट्रोल आणि डिझेलची लिटराला लिटर तुलना करणं हाच मुळात अडाणीपणा आहे, असं तो आईला दर वेळी समजावून सांगायचा आणि आई मान डोलावून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायची.

अंत्यविधीनंतर दोन आठवड्यांनी, नुसत्या शांततेला घाबरून, अल्मुट फोनवर बोलून गेली होती, "पप्पा, ट्रॅक्टर आता संग्रहालयात द्या. माझ्या आकड्याच्या खाली आलात तर मी शिवणयंत्र विकून तुमच्यासारखी गाडी घेईन." पलीकडे तो किंचित हसला होता. आई गेल्यापासूनचं ते पहिलं हसू. तिला वाटलं होतं, बरं झालं बोलले.

त्यानंतरचे आकडे तिच्या कागदावर एकाखाली एक होते. ५.०. ४.८. ४.५. जानेवारी लागला, डोंगरावर बर्फ पडून गोठला, तिची गाडी ५.१ वर गेली, कारण आतली हवा गरम ठेवायला इंजिनला चालतच राहावं लागे. थंडीत प्रत्येक गाडी जास्त खाते. हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

"चार पॉइंट दोन," गेल्या शनिवारी तो म्हणाला.

"थंडीत कमी कसं झालं?"

"पाय हलका ठेवला."

"माझं तर वाढलं."

"शिवणयंत्राला थंडी वाजते. उणे नऊ आहे इथे."

फोन ठेवल्यावर ती त्या आकड्याकडे बघत बसली. पंधरा वर्षांची, दीड टन वजनाची डिझेल गाडी. पाय कितीही हलका ठेवला तरी कधीतरी इंजिनला चालावं लागतंच. तिने रात्री पुन्हा फोन केला. या शनिवारी दोघांनी एकत्र जायचं, तो पुढे, ती मागे, एकाच हवेत, एकाच वेळी. तेव्हाच खरी तुलना होईल.

"ये," तो म्हणाला. "चार पॉइंट एक दाखवतो."

शनिवारी सकाळी दोघांनी टाक्या भरल्या. पंपावरच्या बाईने लोणी लावलेले दोन ब्रेट्झेल, गाठीचे खारे पाव, कागदात गुंडाळून दिले. राइनहोल्टने एक खिशात घातला, एक तिला दिला. त्याचा कोट सैल झाला होता. दाढी व्यवस्थित होती, बूट चकचकीत होते, आणि तरीही त्याच्याकडे बघताना तिला सामान हलवून रिकाम्या केलेल्या खोलीसारखं काहीतरी जाणवलं.

पाच किलोमीटरवर दफनभूमी. ऑक्टोबरापासून फेरीत हा एक थांबा वाढला होता. थडग्यावर अजून लाकडी क्रूसच होता. माती बसल्याशिवाय दगड लावत नाहीत.

"मेणबत्ती पुढच्या कप्प्यात आहे," तो म्हणाला. "घेऊन ये. मी जुनी काढतो."

त्याच्या गाडीतला कप्पा उघडला तर लाल मेणबत्तीच्या खाली वह्या होत्या. एकूण अकरा, रबराने बांधलेल्या. सगळ्यांत वरची चालू वही. तिच्यात ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपर्यंत आईचं गोल अक्षर होतं, खाली पप्पांचं कोनाकोनाचं. तिने रबर काढलं. आपण कशासाठी शोधतोय हे तिला ठाऊक नव्हतं, पण ४.२ हा आकडा आधी कुठेतरी पाहिलाय असं आठवडाभर तिला वाटत होतं. खालून दुसऱ्या वहीत तो सापडला. लहानपणी मागच्या सीटवर कंटाळून ती ह्याच वह्या चाळायची.

१४ मे १९८३. ४.२. आकड्याखाली दोन रेघा. आणि त्यापुढे आईने लिहिलं होतं:

'तिन्ही घाटांत इंजिन बंद करून. शेवटच्या वळणावर ब्रेक लागेना. मूल मागे झोपलेलं. राइनहोल्टने माझा हात धरून शब्द दिला आहे. मी शेजारी असेन तोवर पुन्हा नाही.'

अल्मुटने ते दोनदा वाचलं. मे त्र्याऐंशीत ती सात वर्षांची होती. त्या दिवसाचं तिला काही म्हणजे काहीही आठवत नव्हतं. मग ती शेवटचं वाक्य पुन्हा एकदा, हळू वाचत गेली. मी शेजारी असेन तोवर.

मेणबत्ती आणि वह्या घेऊन ती आत गेली. त्याने ती लावली, काचेचं झाकण बसवलं, क्रूसावरचं गोठलेलं दव हातमोज्याने पुसलं.

"पप्पा, घाटात इंजिन बंद करता तुम्ही."

तो वाकलेलाच राहिला. "तुझं कुठे चालू असतं?"

"माझ्या गाडीचं गाडी ठरवते. ब्रेक शाबूत राहतो, स्टिअरिंग शाबूत राहतं. तुमच्यात किल्ली फिरवली की दोन-तीन दाबांपुरता जोर उरतो, मग पेडल दगड. हे तुम्हीच शिकवलंत मला. ह्याच घाटात."

"मग शिकवणाऱ्याला शिकवू नकोस."

"आज चालू ठेवा. एवढंच म्हणा."

"तुझी आईही असंच म्हणायची," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "चल, इंजिन गार होतंय. आकडा बिघडेल."

"पप्पा, शब्द द्या."

त्याने तिच्या गालाला हात लावला. हातमोजा ओला होता. "पोरी, शर्यत तू लावलीस. आता मागे राहू नकोस." आणि तो फाटकाकडे चालू लागला. ती वह्या उचलून धावत बाहेर आली तेव्हा त्याची गाडी निघालीही होती.

पठारावरचा रस्ता सरळ होता. तिने त्याला गाठलं. थंडीत त्याच्या सायलेन्सरमधून पांढऱ्या वाफेची जाड शेपटी निघत होती, आणि ती दिसतेय तोवर तिला श्वास घेता येत होता. गावाच्या हद्दीवर त्याने ब्रेक मारला. दोन्ही लाल दिवे लागले, विझले. दिवे चालतात, हे तिने मनात नोंदवून ठेवलं, का ते न कळता.

मग घाटाची पाटी आली. सात किलोमीटर, तीव्र उतार, त्रिकोणात कलंडलेली गाडी. पाटीपाशी वाफेची शेपटी एकदा थरथरली आणि तुटली.

तिने हॉर्न वाजवला. पुढची गाडी निःशब्द उताराला लागली. तिच्या स्वतःच्या गाडीचं इंजिनही बंद झालं होतं, उतार पाहून आपोआप. डिझेलची गाडी आणि हायब्रिड, दोन्ही सारख्याच आवाज न करता झाडांमधून खाली घरंगळत होत्या. फरक फक्त तिलाच ठाऊक होता. तिच्या गाडीत चाकं बॅटरी भरत होती आणि गाडीला मागे ओढत होती. त्याच्या गाडीला मागे ओढणारं काही नव्हतं.

साठ. सत्तर. पहिलं वळण डावीकडचं, सोपं. ती लाल दिव्यांची वाट पाहत होती. ते लागले नाहीत. गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकली, कडेचा बर्फ उडाला, पुन्हा रस्त्यावर आली. दुसऱ्या वळणावरही तेच. ऐंशी. तिसऱ्यापुढे सरळ पट्टा होता आणि पट्ट्याच्या शेवटी दगडी कठडा. कठड्यापलीकडे दरीतल्या गावाची छपरं इथूनच दिसत होती.

आता, ती म्हणाली. आता दाबा. एकदा तरी.

दिवे लागले नाहीत.

नंतर तिला आठवेना की तिने काही ठरवलं होतं का. तिने पाय पूर्ण दाबला, शिवणयंत्र किंचाळून जागं झालं आणि ती त्याच्या बाजूने पुढे गेली. शेजारून जाताना तिने पाहिलं. तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसला होता, नेहमीसारखा. चेहरा घाबरलेला नव्हता. शेजारच्या सीटचा पट्टा रिकाम्या सीटवरून ओढून नीट लावलेला होता.

ती त्याच्या पुढे आली आणि ब्रेक मारला. मागून धक्का बसला, मग दुसरा. पत्रा कुरकुरला. तिने ब्रेक सोडला नाही. दोन्ही गाड्यांचं वजन तिच्या पायाखाली थरथरत होतं. कठड्याच्या अलीकडे, उजव्या हाताला, लाकूडतोडे ओंडके रचतात ती खडीची जागा होती. तिने चाकं तिकडे वळवली. खडी उसळली, काचेवर आपटली, आणि सगळं थांबलं.

कुठलंच इंजिन चालू नव्हतं. ओंडक्यांना राळेचा वास येत होता.

ती उतरून त्याच्याकडे गेली, दार उघडलं आणि आत वाकून किल्ली काढून घेतली. तो समोर बघत होता. त्याच्या गाडीचं नाक तिच्या डिकीत घुसलं होतं.

"लागलंय कुठे?"

"नाही." तो म्हणाला, "पेडल दगड झालं. मी दाबत होतो. दाबलं जाईना."

अल्मुटने त्याच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे पाहिलं. इंजिन बंद असलं तरी पेडलला पाय नुसता टेकला की मागचे दिवे लागतात, मग ब्रेक लागो न लागो. हे त्याला तिच्याहून चांगलं माहीत होतं. आणि ती मागे होती हेही माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "दगड होतं ते."

त्याने आपल्या गुडघ्यावरची अदृश्य धूळ झटकली. "आजचा आकडा नाही मिळायचा आता."

"नाही."

हायब्रिडची डिकी चेपली होती, पण ती चालण्यासारखी होती. तिने त्याला हाताला धरून आपल्या गाडीत आणलं. तो शेजारच्या सीटवर बसला, आईच्या बाजूला. खिशातला ब्रेट्झेल चुरगळला होता. त्याने कागद उघडून पाहिला आणि पुन्हा मिटला. तिने अकराही वह्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. त्याने सगळ्यांत वरची उघडली नाही. रबर नीट बसवलं.

"पुढच्या शनिवारी," तो म्हणाला, "तुझ्याच गाडीने जाऊ. मी लिहीन."

"जाऊ."

"घाट तीन आहेत."

"माहीत आहे, पप्पा."

तिने गाडी वळवली. उरलेला उतार तसाच होता, पुढच्या वळणापर्यंत चकाकणारा. त्याचा उजवा हात वह्यांवरून निघून दाराच्या कडीपाशी जाऊन टेकला, हात टेकवायला माणूस ठेवतो तसा. कदाचित तसाच.

अल्मुटने डाव्या हाताने बटण दाबलं. चारही दारांची कुलपं एकदम लागली. तो आवाज त्याने ऐकला. तिच्याकडे न बघता त्याने हात परत मांडीवर घेतला, आणि गाडी उताराला लागली.