कारखान्याचा खुलासा

आत्याने पाकीट टेबलावर रिकामं केलं आणि तारांची वेटोळी बोटाने एकेक करून बाजूला सारली. गिटारच्या सहा तारा निघायला हव्या होत्या, निघाल्या सात. सातवी पुन्हा पहिलीच होती, सगळ्यांत बारीक, टोकाला पितळी मणी असलेली.

"एका दुकानदाराने नमुन्याला म्हणून परत पाठवलंय, दोघांनी फोनवर सांगितलं," दादा दारातून म्हणाला. एप्रनला हात पुसत तो तिच्याकडे बघत होता. "सहाच्या जागी सात."

"मी मोजूनच भरते, दादा."

"मग काय, पाकिटात शिरल्यावर तारेला पिल्लू होतं?"

एरवी ती हसली असती. दादालाही आपला विनोद आवडलेला दिसला नाही.

"बघणाऱ्याला काय वाटेल? यांची पहिली तार तुटते, म्हणून हे आधीच एक जास्तीची देऊन ठेवतात. आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखं झालं ते. डोळे तपासून घे एकदा."

तो मागच्या खोलीत गेला आणि यंत्राची घरघर सुरू झाली. पोलादी तारेवर ब्राँझची तार वेटाळताना होणारा तो आवाज तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की थांबला तरच तिला ऐकू यायचा. तिने सातवी तार बोटाभोवती गुंडाळली. डोळ्यांचा दोष नव्हता हे तिला ठाऊक होतं. असलाच तर हातांचा होता, आणि हात का चुकतात ते दादाला सांगायची तिची हिंमत नव्हती.

कारखाना म्हणायचं एवढंच, नाहीतर घराच्या मागच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत दादा तारा बनवायचा, बाहेरच्या खोलीत आत्या त्या पाकिटांत भरायची. ती दादाची धाकटी बहीण. वहिनी लवकर गेली तेव्हा दादाच्या मुलाला वाढवायला म्हणून आली आणि इथलीच झाली. मुलगा आत्या म्हणायचा, मग दुकानदार, टपालवाला, सगळेच आत्या म्हणू लागले.

मुलगा गिटार वाजवायचा आणि तारा तोडायचा. वाजवायचा छान, पण तोडायचा त्याहून छान, असं दादा म्हणायचा. त्यानेच पोराचं नाव 'तोडकर' ठेवलं होतं. "या, श्रीयुत तोडकर! आज किती बळी घेतलेत?" बापाने तारा करायच्या आणि लेकाने तोडायच्या, असलं घर कसं चालायचं, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. पोरगा कार्यक्रमाला निघाला की मागणी ठरलेली असायची, पाकिटात पहिली तार एक जास्तीची द्या. उत्तरही ठरलेलं. "आपली तार तुटत नाही. तू तोडतोस. हात हलका कर." एवढं बोलून दादा यंत्राकडे तोंड फिरवायचा.

मग आत्या गुपचूप त्याच्या पाकिटात सातवी तार सरकवायची. एकदा तो मागून येऊन तिच्या गळ्यात पडला होता. "आत्या, मी एक मागतो, तू दोन घालतेस. बाबांना कळलं तर कारखान्याला टाळं लावतील!" तिने घातली होती एकच. पण पोराचं गणित शाळेपासूनच दिव्य होतं, म्हणून तिने एक टपली मारून विषय संपवला होता.

दर महिन्याला तारांच्या खोक्यांबरोबर एक पत्रक दुकानांत जायचं. ते आत्या लिहायची. कोणाच्या नव्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण चाललंय, कोणता स्टुडिओ बंद पडला, कोणत्या जुन्या दुकानात आता वाद्यांऐवजी नुसते हेडफोन मिळतात, कोण वाजवणारा कंटाळून नोकरीला लागला. बातम्या बहुतेक अशाच, मन खट्टू करणाऱ्या. तरी लोक पत्रक वाचायचे ते शेवटच्या चौकटीसाठी. चौकटीचं नाव 'तोडकरांची खबर'. या महिन्यात तोडकरांनी कुठे वाजवलं आणि कोणत्या गाण्यात तार तोडली, ते तो स्वतः आत्याच्या खुर्चीमागे उभा राहून सांगायचा. त्याखाली दादाची एक ओळ कायमची ठरलेली होती, 'कारखान्याचा खुलासा : आमची तार तुटत नाही, ती तोडली जाते.' लांबलांबचे दुकानदार ही ओळ एकमेकांना म्हणून दाखवायचे.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमाहून परतताना त्याच्या बँडची गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. बाकीचे खरचटण्यावर निभावले. तोडकर वाचला नाही.

पुढचं पत्रक लिहायला आत्या बसली तेव्हा दादा तिच्यामागे येऊन उभा राहिला होता.

"त्यात काही लिहायचं नाही. ते तारांचं पत्रक आहे. घरातलं घरात."

त्यानंतर घरातही त्याने कधी ब्र काढला नाही. चौकटीच्या जागी आत्या 'तारांची निगा' लिहू लागली. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. घामाने तारा गंजतात. फडकं सुती असावं. वर्षभर ती तेच उलटसुलट करून लिहीत होती. त्या दुकानांच्या गिऱ्हाइकांइतक्या स्वच्छ तारा जगात दुसऱ्या कुणाच्या नसतील.

आणि खबर छापली नाही म्हणून त्या दुकानांत तोडकर अजून जिवंत होता. कधी कधी आत्याला त्या दुकानांचा हेवा वाटायचा.

आज सकाळीच त्यांतल्या एकाचा फोन आला होता.

"आत्या, सात निघतायत बरं का पाकिटात. माझी तक्रार नाही, गिऱ्हाईक खूश आहे. पण म्हटलं सांगावं. आणि काय हो, तोडकरांची खबर का बंद केलीत? वाजवतोय ना अजून?"

आत्याने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"जागा पुरत नाही हो," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचा राग आला. हे असं आणखी किती वर्षं सांगायचं होतं?

पाठोपाठ बँडमध्ये गाणाऱ्या मुलीचा फोन आला. अपघाताआधी केलेली गाणी या महिन्यात बाहेर पडत होती.

"आता सगळं फोनवरच ऐकतात, आत्या. कोण वाजवतंय ते बघतं कोण? तुमच्या पत्रकात येईल ना त्याच्याबद्दल? काका नाही म्हणतील का?"

"बघते मी," आत्या म्हणाली. तिने पत्रकाचा कागद पुढ्यात ओढला, 'फडकं सुती असावं' इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

दुपारी तिने डोळ्यांत तेल घालून पाकिटं भरली. मोठ्याने मोजत भरली. सहावी तार गेली की हात टेबलाखाली घ्यायचा, असा स्वतःलाच नियम घालून घेतला. वर्षानुवर्षं चोरून एक तार सरकवणारे हात आता कुणाच्याही पाकिटात ती सरकवतात, अशी तिची खात्रीच पटली होती. आज मात्र एकाही पाकिटात सातवी गेली नव्हती, हे ती कुठेही शपथेवर सांगू शकली असती. भरलेल्या, अजून न चिकटवलेल्या पाकिटांचा ट्रे ती आत दादाच्या बाकावर ठेवून आली. शेवटची तपासणी त्याची असायची. पाकीटही तोच चिकटवायचा.

बाहेर येऊन बसल्यावर लक्षात आलं, चष्मा ट्रेमध्येच राहिला. ती परत दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

दादा तिच्याकडे पाठ करून जरासा तिरका बसला होता. त्याने एक पाकीट घेतलं, पहिली तार बाहेर काढली, अंगठ्याखालून फिरवून पाहिली आणि परत आत सोडली. मग त्याचा डावा हात एप्रनच्या खिशात गेला. खिशातून एक बारीक वेटोळं निघालं. ते त्याने पाकिटात सरकवलं, तोंड चिकटवलं आणि पाकीट बाजूला ठेवलं. पुढच्या पाकिटात काही घातलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. मग पुन्हा हात खिशात गेला. या सगळ्यात त्याची नजर खिडकीबाहेरच्या भिंतीवर होती. हातांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

त्याच्या एप्रनच्या खिशातून तारांची वेटोळी डोकावतात हे आत्या कितीतरी वर्षं बघत आली होती. टाकाऊ असतील असं ती समजायची.

मी एक मागतो, तू दोन घालतेस.

तिने दाराची चौकट घट्ट धरली. पोराचं गणित बरोबर होतं. दुसरी कोणाची होती हे त्याला कळलंच नाही, तो दोन्ही आत्याच्याच समजून गेला. तिला इतकं रडू आलं की तोंडात पदर कोंबून ती तशीच मागे फिरली. चष्मा आतच राहिला.

तोंड धुऊन ती टेबलाशी बसली. 'तारांची निगा' तिने आडव्या रेघेने खोडली आणि चष्म्याशिवायच, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहायला लागली. चार ओळी लिहून होईपर्यंत चहाची वेळ झाली.

दादा चहाला बाहेर आला. येताना तिचा चष्मा घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवला.

"हा विसरतेस, आणि म्हणे मोजून भरते."

आत्याने कागद त्याच्याकडे सरकवला. दादा उभ्या उभ्याच वाचू लागला.

'तोडकरांची खबर : तोडकरांनी वाजवलेली शेवटची गाणी या महिन्यात प्रसिद्ध होत आहेत. गेल्या वर्षी आपण त्यांना गमावलं. त्यांच्या आठवणीसाठी यापुढे आमच्या प्रत्येक पाकिटात पहिली तार एक जास्तीची मिळेल.'

त्याचं बोट दुसऱ्या वाक्यावर थांबलं. मग त्याने कागद टेबलावर टाकला.

"जास्तीची तार? म्हणजे आपली तार तुटते असं छापायचं?"

"पाकिटात सात जातातच आहेत, दादा."

"तुझ्या चुकीची जाहिरात करतेस?"

एका शब्दात सांगता आलं असतं. खिशात हात घाल, एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द ओठांवर आलाही. पण दादाच्या चेहऱ्याकडे बघून तिने तो गिळला.

"हो. माझीच चूक," ती म्हणाली. "हाताला सवय लागली होती. त्याच्या पाकिटात मी नेहमी एक जास्तीची घालायचे. तुला चोरून. तू ओरडशील म्हणून बोलले नाही कधी."

दादा तिच्याकडे बघत राहिला.

"तूही?" तो म्हणाला.

आणि मग तो खुर्चीवर बसला. बसताना त्याचा हात आपोआप एप्रनच्या खिशात गेला आणि एक वेटोळं घेऊन बाहेर आला. आता ते त्याला दिसलं. त्याने टेबलावरच्या परत आलेल्या पाकिटाकडे पाहिलं, बाजूला पडलेल्या सातव्या तारेकडे पाहिलं, पुन्हा आपल्या तळहाताकडे पाहिलं. ते वेटोळं त्याने त्या सातव्या तारेशेजारी ठेवलं आणि एप्रन डोळ्यांना लावला. आत्याने नजर वळवली. दादाला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं आणि आजही तिला ते बघायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसल्याचा आवाज आला.

"दोन जायच्या म्हणजे त्याला," तो म्हणाला.

"दोन."

"तरी पुरायच्या नाहीत."

"नाही पुरायच्या," आत्या म्हणाली. तिला हसू आलं.

दादाने कागद पुन्हा जवळ ओढला. या वेळी बोट कुठे न थांबवता त्याने तो वाचला. चौकटीखाली तिने एका ओळीची जागा कोरी सोडली होती. सवयीने सोडली होती की मुद्दाम, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. त्या कोऱ्या जागेवर त्याने अंगठा ठेवला. अंगठ्याचा तेलकट ठसा कागदावर उमटला.

"खाली खुलासा राहिला," तो म्हणाला.

आत्याने चष्मा लावला, पेन घेतलं.

"सांग."

मागच्या खोलीत यंत्र बंद होतं. इतक्या वर्षांत त्या वेळी ते बंद असल्याचं तिला आठवत नव्हतं.

"लिही," दादा म्हणाला. "कारखान्याचा खुलासा. तार आमचीच तुटायची. तो नुसता वाजवायचा."