मंगळवारी जेवायले येणारा पोरगा

मी अनसूया. अकोल्यात आमच्या गल्लीत वेदपाठशाळेची सात पोरं वार लावून जेवत, रोज नव्या घरी. मंगळवारी माह्याकडे तेल्हाऱ्याचा हरिहर. दहा वर्षांचा, बाप नाही.

एका मंगळवारी जेवून झालं तरी उठेचना. "काहून रे?" तं म्हणे, "काकू, आज रात्री गुरुजींचे पाय दाबायची माही पाळी हाय. दर मंगळवारी माहीच."

अन् मी शहाणी काय म्हणाली? "गुरूची सेवा हाय लेका, पुण्य लागते." वरून तिळाच्या तेलाची शिशी देल्ली. माह्या हातानं देल्ली! जळो तो हात.

पुढच्या मंगळवारी त्याच्यानं घास गिळवेना. कवाड लावून जवळ घेतलं, तवा रडत रडत बोलला. ते मी सांगत नाही. पाय दाबणं नव्हतं ते, एवढंच.

तशीच भगवंतराव वकिलाकडे गेली. पाठशाळेचे कारभारी तेच. दुसऱ्या दिवशी पंच बसले अन् पोराले गुरुजीसमोरच उभं केलं, हात पोथीवर ठेवायले लावला. "बोल, काय झालं?" अरे, वेदावर हात ठेवून गुरूविरुद्ध बोलायचं! त्याले गुरुनिंदा म्हणजे महापाप, हेच शिकवलं होतं ना? चूप राहिलं लेकरू.

"पाहा, खोटारडा," वकील म्हणाले. "अन् वैनी, बोभाटा नको. डेप्युटी कमिशनरपर्यंत गेलं तं धर्माचं नाव जाईन."

धर्माचं नाव! पोराचं काय गेलं, ते एकानं इचारलं नाही. त्याले परत तिथंच धाडलं. मंगळवार पुन्हा येणारच होता. मले अन्न गोड लागेना.

सोमवारी मी घरोघरी फिरली. "उद्या जो पोरगा जेवायले येईन, त्याले वापस जाऊ देऊ नका." सिंधूवैनीनं खरं-खोटं इचारलंच नाही. पदर तोंडाले लावला. "माह्याकडचाही पाटावर बसला का रडते वो. मले वाटे, मायची आठवण येते." तिले धरून पाच घरं हो म्हणाली. वकिलाची तारा तेवढी म्हणाली, "यांना विचारून सांगते."

मंगळवारी दुपारी हरिहर आला. मी कडी लावली. "आता तिथं जायचं नाही. तुह्या मायले सांगावा धाडला." पोरगा पोटभर जेवला. किती दिवसांनी जेवला! मंग मान वर करून म्हणे, "काकू, मंग आज पाळी कोणाची?"

"कोणाचीच नाही. सगळे पोरं ठेवून घेतले."

"शालिकरामही?"

शालिकराम बाळापूरचा, सगळ्यात लहान, आठ वर्षांचा.

"तो आज कोणाकडे जेवते रे?"

"वकिलाकडे."

हातातली पळी तशीच टाकली अन् अनवाणी धावली. तारा ओट्यावर भांडे घासून राहिली होती. "तो गेला," ती खाली पाहतच म्हणाली. "यांनीच पोचवला त्याला. म्हणाले, गुरुजींची सेवा चुकायला नको."

अवो माय! मी पाठशाळेकडे पळाली. भर दुपारी कवाड आतून बंद. दोन्ही हातानं बडवून राहिली, हाका मारून राहिली, "शालिकराम! अरे शालिकराम, ओ दे रे!"