दुखवट्यातली पाहुणी

काझींसमोर अय्यादने बायको सोडण्याचं जे कारण सांगितलं, त्यावर अख्खं कोर्ट हसलं.

"हिच्या हातचं जेवण मला जात नाही," तो म्हणाला.

वीसेक वर्षं त्याच हातचं जेवून कमावलेलं पोट त्याच्या अंगरख्याआडून उलटी साक्ष देत होतं. काझी म्हातारे होते. अशी गोड बोलून वेगळी होणारी जोडपी त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी लुलवाकडे मान वळवली.

"बाई, खरं का हे?"

"मीठ जास्त पडतं माझ्याकडून," लुलवा म्हणाली.

काझींनी समेटासाठी मुदत दिली, मुदत संपल्यावर पुन्हा बोलावलं, आणि शेवटी कंटाळून सोडचिठ्ठी कायमची केली. बाहेर पडताना सवयीने अय्याद गाडीचं दार उघडून उभा राहिला. लुलवा त्याच्याकडे न बघता पुढे गेली आणि भावाच्या गाडीत बसली. कोण कुठून बघत असेल, सांगता येत नव्हतं.

भांडण कसलंच नव्हतं. लुलवा अमिरातीची नागरिक होती, अय्याद नव्हता. नागरिकांची नावं लिहून घेतली गेली तेव्हा अय्यादचा आजा उंटांमागे सरहद्दीकडे होता. कागदावर नाव नसल्याने आपलं काही अडेल असं त्याला वाटलं नाही. अडलं ते नातवाचं आणि पणतूचं. इथे मूल बापाच्या खात्यावर चढतं. बापाचं खातंच नसेल तर मूल हवेत. अय्यादने सैन्यात ट्रक चालवला, युद्धानंतर त्याला काढून टाकलं, मग तो रस्त्याकडेला उन्हाळ्यात कलिंगडं आणि थंडीत तंबूवाल्यांना सरपण विकू लागला. मुलगा नायिफ शाळेत पहिला आला आणि घरी बसला. युनिव्हर्सिटी नाही, गाडीचा परवाना नाही, उद्या कोणी मुलगी दिली तर निकाह नोंदवायची सोय नाही.

फट एकच होती. नागरिक बाई विधवा झाली किंवा कायमची सोडलेली असली, तर तिच्या मुलांची फाईल समितीकडे जाते आणि समितीने मान डोलावली की अमीरसाहेबांच्या सहीला. नवरा आहे तोवर मुलं कोणाचीच नाहीत, नवरा गेला की मुलं राज्याची.

"विधवा करायला मला वेळ लागेल," अय्याद म्हणाला होता. "तब्येत ठणठणीत आहे माझी. सोडचिठ्ठी स्वस्त पडेल, नायिफच्या आई."

तो बहिणीकडे, फिद्दाकडे राहायला गेला. तीन गल्ल्या पलीकडे, त्याच पत्र्याच्या वस्तीत. या राज्यात समुद्रापासून सरहद्दीच्या तारेपर्यंत गाडीने फार तर दोन तास. लपायला जागा कुठून आणणार. समितीची माणसं कधीही शेजाऱ्यांना विचारायला येत: नवरा येतो का, त्याचे जोडे दाराशी दिसतात का. आणि लुलवाच्या समोरच उम्म सौद राहत होती. उम्म सौदच्या बहिणीची अशीच फाईल परत आली होती. तेव्हापासून दुसऱ्याची पुढे सरकलेली तिला बघवत नसे. तिचा जावई समितीच्या कचेरीत होता. एका जोडप्याची खोटी सोडचिठ्ठी तिनेच त्याच्या कानावर घातली आणि त्यांची फाईल बुडवली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि ती ते नाकारतही नव्हती.

म्हणून अय्याद आलाच नाही. ईदलाही नाही. तो फोन करी आणि काय शिजवलं ते विचारी. लुलवा सांगे, मासा आणि भात. तो म्हणे, "मीठ?" मग दोघं थोडं हसत आणि फोन ठेवत. खरं म्हणजे इद्दत, सोडचिठ्ठीनंतरची थांबायची मुदत, संपून तो परका झाल्यावर असं बोलणंही तिला चोरीसारखं वाटे. पार्लमेंट बरखास्त झालं, समिती बदलली, नव्या समितीने सगळ्या फाईली पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या. तिसऱ्या वर्षी कचेरीतून निरोप आला की शेवटची चौकशी होऊन नाव वर जाईल.

त्याच आठवड्यात, सरपण उतरवताना, अय्याद गाडीच्या चाकाशी बसला तो उठलाच नाही.

नायिफ खांदा देऊन आला. तो मुलगा होता; मुलाने बापाला पुरायला समितीची हरकत नव्हती. पुरुषांच्या रांगेत उभं राहून त्याने सगळ्यांची सांत्वनं घेतली. लुलवा घरी बसून राहिली. तिच्यासाठी रांग नव्हती. विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस नाहीत, काळे कपडे नाहीत, घरातल्या आरशावर चादर टाकायचीही सोय नाही. कागदावर तिचा कोणी मेलाच नव्हता.

"आई, तू जाणारच नाहीस का आत्याकडे?" नायिफने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी जाईन. शेजारीण जाते तशी."

"लोक म्हणतील काळीज दगडाचं आहे."

"म्हणू देत. तेच म्हणायला हवं त्यांनी. सोडचिठ्ठी खोटी होती असं दिसलं तर तुझी फाईल गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर ती गेली. राखी रंगाचा झगा घातला, डोळ्यांत नेहमीसारखं काजळ. फिद्दाच्या बैठकीत भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या. अशा ठिकाणी बायका दुःखाचं माप फार बारकाईने काढतात: कोण किती वेळ बसली, कोणी खजूर उचलला, कोणाचा हुंदका आधी आला आणि कोणाचा चहा आल्यावर थांबला. लुलवा आत आली आणि सगळी मापं एकदम तिच्याकडे वळली. उम्म सौद कोपऱ्यात, गादीच्या चांगल्या बाजूला बसली होती.

लुलवाने फिद्दाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "अल्लाह तुम्हाला सबर देवो, ताई."

आणि दाराजवळ, परक्या बाईच्या जागी बसली. कडू कॉफीची वाटी हातात आली. समोर खुंटीला अय्यादचा रुमाल टांगलेला होता. कोणी काढायचं विसरलं होतं. लुलवाने वाटीत बघितलं. तिची हनुवटी हलायला लागली, आणि ती थांबवायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

उम्म सौद पुढे झुकली. "अगं, बिचारी रडतेय वाटतं. शेवटी मन आहे, नाही का? एवढ्या वर्षांचं."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. याचं उत्तर काय, ते सगळ्यांना ऐकायचं होतं.

फिद्दा उठली. जाड, गुडघे दुखणारी बाई, पण उठली.

"रडतेस कशाला आता?" ती म्हणाली. "जिवंत होता तेव्हा त्याची विचारपूस केलीस? माझ्या दारात पडून होता तो. ताप आला तर मी पाणी दिलं. तू तुझ्या गार खोलीत बसलीस. बाहेर टाकलेल्या माणसाची कॉफी प्यायला आलीस?"

"ताई..."

"ताई म्हणू नकोस मला. माझा भाऊ तुला नको होता, मग माझं नातं कशाला? चालायला लाग. ठेव ती वाटी."

कोणीतरी "फिद्दा, जाऊ दे" म्हणालं, पण फार जोरात नाही. लुलवाने वाटी खाली ठेवली. हनुवटी थांबली होती. एवढा मार बसल्यावर ती आपोआप थांबते. ती उठली, चपला शोधल्या आणि बाहेर पडली.

गल्लीत उम्म सौदने तिला गाठलं. धापा टाकत तिचा दंड धरला.

"मनावर घेऊ नकोस गं. जिभेला हाडच नाही त्या बाईच्या." तिचे डोळे चमकत होते, पण आत एक निराशाही होती, मोठ्या आशेने उघडलेला डबा रिकामा निघावा तशी. "मला वाटायचं तुमचं आपलं ते... असो. लोक काहीही बोलतात. मी जावयाला सांगेन, ही बाई खरंच एकटी आहे म्हणून."

"उपकार होतील, उम्म सौद," लुलवा म्हणाली.

संध्याकाळी फिद्दाचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज होता. बायका गेल्या असाव्यात.

"पटलं का उम्म सौदला?" फिद्दाने विचारलं.

"पटलं. जावयाला सांगणार आहे. ताई, अगदी खरं वाटलं."

भांड्यांचा आवाज थांबला.

"खरंच होतं ते," ती म्हणाली. "तापात तुझं नाव घ्यायचा. तू तीन गल्ल्यांवर होतीस."

लुलवाला सांगायचं होतं की तिला येता येत नव्हतं, की हे त्यानेच ठरवलं होतं. हे सगळं फिद्दाला माहीत होतं. माहीत असून ती तसं म्हणत होती.

"उद्या तिसरा दिवस," फिद्दा म्हणाली. "येऊ नकोस. आणि गुरुवारी तुझ्या भाचीची मेंदी आहे ना? जा तिकडे. हात रंगवून घे, सगळ्यांना दिसतील असे. नायिफचं नाव वर जाईपर्यंत."

गुरुवारी भावाच्या घरी ढोलक वाजत होतं. मेंदी काढणारी बाई समोर बसली, तिने लुलवाचा तळवा उलगडला आणि विचारलं, साधी काढू की भरगच्च.

विधवेने मेंदी लावायची नसते. लुलवाने दुसराही हात पुढे केला.

"भरगच्च," ती म्हणाली. "मनगटापर्यंत."