नवमीच्या पाटावरची गोळी

मी बंदुकीची गोळी बोलतेय. जरा लांबूनच ऐका. पितळेचं अंग, शिशाचं टोक, उंचीला करंगळीएवढी. जाणकार मला काडतूस म्हणतात आणि माझ्या जातीला हॉर्नेट, म्हणजे गांधीलमाशी. सशा-कोल्ह्यांच्या शिकारीसाठी आमची जात निघाली. मी मात्र आजवर मुंगीसुद्धा मारलेली नाही.

मला साताऱ्याला आणलं ते निशिकांत आजोबांच्या वडिलांनी. पुढे शिकारीवर बंदी आली, रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली, डब्यातल्या माझ्या बहिणीही गेल्या. मी तेवढी देवघराच्या खणात राहिले. दर खंडेनवमीला मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहायचे. एवढी मोठी माणसं माझ्यापुढे वाकताना पाहून मलाच धडकी भरायची. माझ्या पोटात असं आहे तरी काय?

२००६ साली आजोबा मुलाकडे सिंगापूरला आले. पूजेच्या डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीत मीही. कुणाच्या नजरेला कशी पडले नाही, देव जाणे.

तिथल्या पासिर रिस भागातल्या मुलाच्या घरी, नवव्या मजल्यावर, नवमीचा पाट मांडला. लॅपटॉप, पक्कड, विळी, कात्री आणि शेवटी मी.

"एवढुशी! ही कशी मारणार लाह?" नात इरा सिंगापुरी ढंगात म्हणाली.

तेवढ्यात सून उल्का नैवेद्य घेऊन आली. मला पाहिलं आणि ताट हातातून निसटलंच. कुकरच्या शिटीलाही घाबरणारी बाई ती!

"बाबा, ही खरी आहे?"

"मग काय चॉकलेट आहे? वडिलांची आठवण आहे माझ्या."

"अहो, इथे घरात एक गोळी सापडली तरी जेलमध्ये टाकतात!"

मुलगा उल्हास घामाघूम झाला. "कचरा खाली सोडायच्या नळीत, शूटमध्ये टाकतो. विषय संपला. माझा नोकरीचा पास गेला तर बॅगा भराव्या लागतील, कळतंय का?" त्यानं मला उचललं आणि स्वयंपाकघरातल्या शूटचं झाकण उघडलं. खाली नऊ मजले काळोख.

"थांब." उल्कानं त्याचा हात धरला. "इथला कचरा भट्टीत जाळतात. ही तिथे उडाली तर? तिथे कुणीतरी माणूस असेलच ना?"

उल्हासनं झाकण लावलं. मीही गार पडले. ज्याचं नावही आम्हाला ठाऊक नाही, त्याचा विचार या बाईनं केला होता!

पोलिसांना फोन तिनंच लावला. दोनदा नंबर चुकला, तरी तिसऱ्यांदा लावलाच. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट चढवला. पोलीस आल्यावर उल्हास पुढे होऊ लागला, तर त्याला म्हणाले, "तू गप्प बस रे. माझी वस्तू, मीच सांगणार."

हातमोजे घातलेल्या पोलीसबाईनं मला फुलासारखं अलगद उचललं. ठाण्यात आजोबा तीन तास बसले, उल्का त्यांच्या शेजारी. अखेर साहेब म्हणाले, या खेपेला कडक ताकीद देऊन सोडतो, पण गोळी परत मिळणार नाही.

"एकदा बघू तिला?" आजोबांनी विचारलं.

"चला बाबा. इरा जेवायची थांबलीय," उल्का म्हणाली.

ते उठले. मागे वळून पाहिलं नाही.

आता मी मोहोरबंद पाकिटात आहे. उद्या माझ्यातली दारू काढून घेणार म्हणे. काढू देत. लोक माझ्या पोटातल्या आगीला हात जोडत होते. मी मात्र त्या भित्र्या बाईपुढे थक्क झाले. तुमच्याही घरात अशी कुणी असेल, तर तिला हसू नका. तिचं आधी ऐका.

येते मी.