फ्रिजचा वरचा कप्पा

"माझं इंजेक्शन कुठंय?" फ्रिजमध्ये डोकं घालून सुकन्या ओरडली.

"न्हाणीच्या दगडावर ठिवलंय सकाळीच," सासू गौरम्मा पोळी लाटत म्हणाली. "आपले गुरू जंगमस्वामी जेवायला यायलेत, आन् त्यायच्या दह्याशेजारी उंदराचं औषध? धरम बुडवायलीस का माझा?"

"उंदराचं म्हणून कुणी सांगितलं?"

गौरम्माने लाटणं मुलाकडे रोखलं. उमाशंकर मूग गिळून पाट मांडत होता. हे औषध उंदराच्या पेशींवर वाढवतात, असं मोबाईलवर वाचून त्यानेच आईला शहाणपण शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! औषधात उंदीर नसतो, एवढं पुढचं सांगायला मात्र त्याला सवड झाली नाही.

डावा पाय ओढत, भिंत धरत सुकन्या अंगणातल्या न्हाणीपाशी गेली. उदगीरचं एप्रिलचं ऊन. दगडावरचा खोका पापडासारखा तापला होता.

लातूरच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. अंगातल्या काही पांढऱ्या पेशी बिथरतात आणि आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतात. हे औषध म्हणजे एकाच साच्यातल्या अँटिबॉडी. त्या अशा पेशी हुडकतात, त्यांना चिकटतात आणि संपवतात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. सुकन्याचा उजवा हात उरला होता. त्याच हाताने ती गल्लीभरच्या बायकांचे ब्लाऊज शिवत होती.

तिने दवाखान्यात फोन लावला. "ते वापरू नका ताई," तिकडून नर्स म्हणाली. "नवं मागवावं लागंल. वेळ लागतो."

"टोच की तसंच," उमाशंकर म्हणाला. "गरम झालंय नुसतं, नासलं थोडंच?"

"दही नासतं ना उन्हात? मग हे बी नासतं."

"एक सुई चुकली तर मरतीस काय गं?" गौरम्मा फणकारली.

"मरत न्हाई, अव्वा. हात जातो. डावा गेला, आता उजव्याची वाट बघायलाव का तुमी?"

सुकन्याला रडू आलं नाही, नुसता संताप आला. हा फ्रिज तिच्या बापाने लग्नात दिलेला होता, आणि तिच्याच औषधाला त्यात जागा नव्हती. तिने दह्याचं पातेलं उचललं, पोटाशी धरलं आणि न्हाणीच्या दगडावर नेऊन ठेवलं. मग दूध. मग लोणी. प्रत्येक खेपेला पाय ओढत, भिंतीला खांदा घासत.

"अगं, स्वामी दारात आले की!" गौरम्मा किंचाळली. "काय करायलीस?"

"येऊ द्या. उन्हात ठिवलेलं चालतं या घरात."

बाहेर उमाशंकर स्वामींच्या पायांवर पाणी घालत होता. फ्रिज रिकामा झाला. सुकन्याने नव्या इंजेक्शनसाठी वरचा कप्पा पदराने पुसला आणि त्याच्या काचेवर दोन्ही तळहात टेकवले. उजव्याला गारवा लागला. डाव्याला खाली काच आहे, हेसुद्धा कळलं नाही.